एजंट ऑरेंज आणि अमेरिकी माजी सैनिक

एजंट ऑरेंज हे व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याने वापरलेले तणनाशक. जंगलात दडलेला शत्रू वरून दिसावा आणि त्याचे भातही हातचे जावे, अशा दुहेरी हेतूने १९६२ ते १९७१ या काळात ‘ऑपरेशन रँच हँड’ ही फवारणी मोहीम चालली. मुख्यतः सी-१२३ विमानांतून ७ कोटी लिटरहून अधिक तणनाशके फवारली गेली; त्यांत निम्म्याहून जास्त वाटा एजंट ऑरेंजचा होता. २०८ लिटरच्या पिंपावरील नारिंगी पट्ट्यावरून हे नाव पडले.

टू-फोर-डी आणि टू-फोर-फाइव्ह-टी ही दोन रसायने त्यात निम्मी-निम्मी असत. पहिले आपल्याकडच्या ऊस उत्पादकांच्या ओळखीचे आहे; रुंद पानांच्या तणावर ते आजही मारले जाते. खरी गोम दुसऱ्यात होती. ते तयार होताना टीसीडीडी हे अतिविषारी डायऑक्सिन त्यात उतरत असे. शरीरात गेल्यावर ते चरबीत साठते आणि त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण ७ ते ११ वर्षे लागतात. म्हणजे वीस-तीस वर्षांनी कर्करोग झालेल्या सैनिकाचे रक्त तपासून फारसे काही सिद्ध होत नाही. कोणत्या दिवशी कोणती तुकडी फवारलेल्या रानात होती, हे कागदोपत्री दाखवणेही तितकेच अवघड.

सगळा झगडा या पुराव्याभोवतीच फिरला. सेवेतील इजेबद्दल सैनिकाला सरकारवर दावा लावता येत नाही, म्हणून माजी सैनिकांनी डाऊ, मोन्सँटो आदी उत्पादक कंपन्यांना कोर्टात खेचले. १९८४ मध्ये सुनावणी सुरू होण्याच्या तोंडावर १८ कोटी डॉलरवर तडजोड झाली. सुमारे ५२ हजार माजी सैनिक व वारसांना सरासरी ३,८०० डॉलर मिळाले. कर्करोगाच्या उपचारापुढे ही रक्कम किरकोळच म्हणायची.

माजी सैनिक व्यवहार खात्याच्या (‘व्हीए’) रुग्णालयांत १९८१ च्या कायद्याने उपचाराची वाट उघडली होती, पण भरपाईसाठी ‘आजार सेवेमुळेच झाला’ हे दाखवावे लागे. १९९१ च्या एजंट ऑरेंज कायद्याने हे ओझे बरेचसे उतरवले. व्हिएतनाममध्ये सेवा आणि यादीतील आजार, एवढे असले की संबंध गृहीत धरायचा. यादी टप्प्याटप्प्याने वाढली : २००१ मध्ये टाइप-२ मधुमेह, २०१० मध्ये पार्किन्सन व इस्केमिक (हृदयाला रक्तपुरवठा कमी पडून होणारा) हृदयरोग, २०२१ मध्ये मूत्राशयाचा कर्करोग. क्लोरॲक्ने या त्वचारोगाची अट मात्र विचित्र आहे. तो संपर्कानंतर वर्षभरात उमटलेला असावा लागतो, आणि तेव्हा तर पुरळ कशाचे हे विचारायचे कुणाच्या डोक्यातही नव्हते.

‘व्हिएतनाममध्ये सेवा’ म्हणजे काय, यावरही वर्षानुवर्षे कीस काढला गेला. २००२ पासून खात्याने जमिनीवर पाय ठेवल्याचा किंवा नद्यांतील सेवेचा पुरावा मागायला सुरुवात केली आणि किनाऱ्याजवळच्या युद्धनौकांवरचे नौसैनिक वगळले गेले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले, की जहाजावर समुद्राचे पाणी ऊर्ध्वपातनाने गोडे करताना त्यातले डायऑक्सिन पिण्याच्या पाण्यात उतरू शकते. हे नौसैनिक तेच पाणी पीत होते. तरीही प्रोकोपिओ या माजी नौसैनिकाने खात्याविरुद्ध लढवलेल्या खटल्याचा २०१९ मधील निकाल आणि त्यामागून आलेला कायदा, इतकी वाट त्यांना पाहावी लागली. नौदलाच्याच एल्मो झुमवॉल्ट या अॅडमिरलने नदीकाठी फवारणीचे आदेश दिले होते. त्याच नद्यांत गस्तीची बोट चालवणारा त्यांचा मुलगा १९८८ मध्ये कर्करोगाने गेला. १९९० मध्ये झुमवॉल्ट यांनीच सैनिकांच्या बाजूने सरकारला अहवाल दिला.

२०२२ च्या ‘पॅक्ट’ कायद्याने उच्च रक्तदाब यादीत आणला, थायलंड, लाओस, कंबोडिया, ग्वाम येथील ठरावीक काळातील सेवाही मान्य केली. व्हीएकडे नोंदलेल्या प्रत्येक माजी सैनिकाची विषारी संपर्काबाबत दर पाच वर्षांनी तरी विचारपूस होते. मार्च २०२४ पासून असा संपर्क आलेल्यांना भरपाईचा अर्ज न करताही आरोग्यसेवेत नाव नोंदवता येते.

पुढच्या पिढीबाबत हात आखडता आहे. पुरुष सैनिकांच्या अपत्यांत स्पायना बायफिडा या कण्याच्या जन्मजात व्यंगालाच मदत मिळते. स्त्री सैनिकांच्या अपत्यांसाठी यादी मोठी आहे. व्हिएतनामी नागरिकांनी कंपन्यांवर लावलेला दावा अमेरिकी न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळला. तणनाशकांच्या साठ्यामुळे दूषित झालेल्या व्हिएतनाममधील दा नांग विमानतळाच्या मातीची सफाई २०१८ मध्ये पूर्ण झाली, तर त्याहून दूषित असलेल्या बिएन होआ तळाचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले.