आंब्यावर बसलेलं बाशिंग

पावसाळ्यात कोकणातल्या एखाद्या जुन्या आंब्याकडे मान वर करून बघा, जाड फांदीवर कातरलेल्या हिरव्या पानांचे झुबके दिसतील, ते बाशिंग. बरेच जण बांडगूळ समजून उपटून टाकतात राव! बांडगूळ फांदीत घुसून झाडाचं पाणी ओढतं, बाशिंग नुसतं बसायला जागा मागतं. ते नेचा आहे, म्हणजे फर्न.

त्याची आयडिया भारी आहे. लांब हिरवी पानं अन्न बनवतात, पण बुडाशी आखूड, तपकिरी, कडक पानं असतात, ती वाळली तरी गळत नाहीत आणि त्यांच्यात आंब्याचाच पालापाचोळा अडकून कुजतो, म्हणजे फांदीवर बसल्या बसल्या स्वतःची कुंडी तयार, खतासकट.

आंब्याला मोहोर येतो, माश्या-मधमाश्या पराग पोचवतात, परागातून बारीक नळी निघते आणि नरपेशी त्यातून आतपर्यंत जाते, वेगळं पाणी लागत नाही. (एका तुऱ्यात शेकड्यांनी फुलं आणि आंबे हातावर मोजण्याइतके, तो भाग वेगळा.) बाशिंगाला फूलच नाही. पानामागच्या ठिपक्यांतून धुळीसारखे बीजाणू उडतात, ओल्या सालीवर पडले तर आधी एक चिमुकला हिरवा पापुद्रा उगवतो, नखाएवढाही नसतो, आणि खरं लग्न त्याच्यावर लागतं, कारण नेच्याची नरपेशी चक्क पोहत जाते. पाण्याचा थर नसेल तर सगळंच अडलं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे नेचा जुनाट आणि आंबा मॉडर्न. घराणं जुनं आहे खरं, नेचे सुमारे 36 कोटी वर्षांपूर्वीपासून आहेत आणि फुलझाडांचे जीवाश्म सापडतात ते 13 कोटी वर्षांच्या आसपासचे. पण 2004 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात डीएनए आणि जीवाश्म जुळवून बघितले तर आजच्या नेच्यांच्या बहुतेक जाती फुलझाडं पसरल्यानंतरच फुटल्यात असं निघालं. नव्या जंगलांनी सावली दिली, राहायला फांद्या दिल्या. त्यामुळे बाशिंगाला आंब्याचा पणजोबा म्हणणं तितकंसं बरोबर नाही, उलट ते फुलझाडांच्या आसऱ्याने वर चढलेलं.

मे महिन्यात हिरवी पानं झडून नुसत्या काड्या उरतात तेव्हा ते मेलंय असं वाटतं. मेलेलं नसतं. लोकरीसारखं केसाळ खोड फांदीला चिकटून पावसाची वाट बघत असतं.