पोलादाच्या इमारतीवर रुग्णालयाचं नाव

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातली सर्वांत उंच इमारत ६४ मजली आहे आणि लांबून ती गंजलेली दिसते. खरं तर ती गंजलेलीच आहे. १९७० च्या सुमारास युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीने ती आपल्या मुख्यालयासाठी बांधली. आपला माल लोकांना दिसावा म्हणून पोलादी खांब बाहेरच्या अंगाला, रंग न देता उघडे ठेवले. साध्या लोखंडाचा गंज पापुद्रे धरून गळतो आणि खालचा धातू पुन्हा उघडा पडतो. या पोलादात थोडं तांबं आणि क्रोमियम असतं, त्यामुळे त्यावरचा गंज दाट आणि घट्ट बसतो आणि आतल्या धातूला हवापाणी लागू देत नाही. आग लागली तर खांब मऊ पडून वाकू नयेत म्हणून ते पोकळ ठेवून आत पाणी भरलं आहे. पोलादाच्या धंद्याने स्वतःचं याहून मोठं स्मारक क्वचितच उभारलं असेल. पण २००८ पासून त्या इमारतीच्या माथ्यावर जी भलीमोठी अक्षरं आहेत, ती पोलाद कंपनीची नाहीत. ती यूपीएमसीची, म्हणजे पिट्सबर्ग विद्यापीठाशी जोडलेल्या रुग्णालयांच्या समूहाची आहेत.

हे कसं झालं, ते कळायला आधी पोलाद तिथे का आलं हे पाहायला हवं.

अलेघेनी आणि मोनोंगहेला या दोन नद्या पिट्सबर्गला मिळतात आणि पुढे ओहायो नदी म्हणून वाहतात. पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतवाल्यांना होड्या लागत, म्हणून इथला एक आरंभीचा धंदा होड्या बांधण्याचा. १७९७ मध्ये काचेचा कारखाना निघाला, कारण काच वितळवायला भरपूर जळण लागतं आणि नदीपलीकडच्या डोंगरात कोळसाच कोळसा होता. म्हणजे लोखंडाच्या आधीपासून या गावाचं नशीब कोळशाशी बांधलेलं होतं.

लोखंड काढायच्या झोतभट्टीत लोहखनिज, चुनखडी आणि कोक यांचे थर वरून टाकत जातात आणि खालून गरम हवेचा झोत सोडतात. कोक म्हणजे हवा लागू न देता भाजलेला कोळसा. तो नुसतं जळण नसतो. खनिजातला ऑक्सिजन काढून घेणारा वायू त्याच्यापासूनच तयार होतो आणि वरच्या थरांचा सगळा भारही तोच पेलतो. कोक भुसभुशीत असला तर चुरा होतो, हवेची वाट बंद पडते आणि भट्टी गुदमरते. पिट्सबर्गच्या आग्नेयेला कॉनेल्सव्हिलच्या खाणींतल्या कोळशाचा कोक सच्छिद्र असूनही टणक होत असे. त्या काळी लोखंड करायला जितकं खनिज लागे, त्याहून अधिक वजनाचा कोळसा लागे. मग जड वस्तू हलवण्यापेक्षा हलकी हलवणं स्वस्त. मिनेसोटाचं खनिज सरोवरांतून जहाजाने आणि पुढे रेल्वेने कोळशाच्या दारात येऊ लागलं.

१८७५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी या उद्योगपतीने पिट्सबर्गजवळच्या ब्रॅडक गावात बेसेमर पद्धतीचा कारखाना सुरू केला. वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकली की त्यातला कार्बन स्वतःच जळून जातो. वेगळं जळण लागत नाही आणि वीसेक मिनिटांत पोलाद तयार होतं. या शहराची कीर्ती मुंबईपर्यंत पोहोचली होती. १९०२ मध्ये जमशेटजी टाटा इथे आले आणि ज्युलियन केनेडी या अभियंत्याला भेटले. पुढे जमशेदपूरच्या कारखान्याचा आराखडा केनेडीच्याच कंपनीने केला.

या वैभवाची किंमत छातीत साचत होती. १९४० च्या दशकात पिट्सबर्गमध्ये भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. ऑक्टोबर १९४८ मध्ये जवळच्याच डोनोरा गावावर गरम हवेचा थर झाकणासारखा बसला, खाली जस्ताच्या कारखान्याचा धूर कोंडला आणि वीस माणसं दगावली.

पोलाद गेलं त्याचा दोष बहुतेकदा परदेशी मालाला दिला जातो. तो खरा आहे, पण अपुरा आहे. भट्ट्या सुधारत गेल्या तसा कोक कमी लागू लागला, आणि ज्या हिशेबाने कारखाने पिट्सबर्गला आले तोच हिशेब उलटला: आता कोळसाच खनिजाकडे नेणं परवडू लागलं. १९०६ मध्ये युनायटेड स्टेट्स स्टीलनेच मिशिगन सरोवराकाठी गॅरी हे नवं पोलादी शहर वसवलं होतं. नंतर विजेच्या भट्ट्या आल्या. त्या भंगार वितळवतात, त्यांना ना खाण लागते ना कोक. त्यात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची मंदी आली. १८९२ च्या रक्तरंजित संपासाठी प्रसिद्ध असलेला जवळच्या होमस्टेडचा कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. आज तिथे दुकानं आणि सिनेमागृहं आहेत आणि एका रांगेत उभी बारा जुनी धुराडी आहेत. १९५० मध्ये पिट्सबर्गची लोकसंख्या ६,७६,८०६ होती, २०२० मध्ये ती ३,०२,९७१ भरली.

मग रुग्णालयं कुठून आली? पिट्सबर्ग विद्यापीठात जोनास साल्कने पोलिओची लस तयार केली आणि १९५५ मध्ये ती परिणामकारक असल्याचं जाहीर झालं. १९८१ मध्ये थॉमस स्टार्झल हा शल्यविशारद इथे आला आणि यकृत प्रत्यारोपणासाठी जगभरातून रुग्ण येऊ लागले. पण मला यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. १९४९ च्या संपानंतर पोलाद कामगारांनी निवृत्तिवेतन आणि आरोग्य विमा मिळवला होता. कारखाने बंद पडले, तरुण मुलं पोटामागे दुसऱ्या राज्यांत गेली आणि मागे उरले थकलेल्या फुप्फुसांचे, पण विमा असलेले आईबाप. त्यांची शुश्रूषा हाच मोठा धंदा झाला. जुन्या धंद्याने दिलेली आजारपणं आणि त्यानेच दिलेला विमा, या दोन्हींवर नवा धंदा उभा राहिला.

भट्टीवरच्या माणसांना मात्र तिथे सहसा जागा नव्हती. पाळीला जाऊन घर चालवणाऱ्या कामगाराची नोकरी गेली आणि त्याची बायको किंवा मुलगी रुग्णालयात कामाला लागली, बऱ्याचदा त्याच्याहून कमी पगारावर.

यंत्रमानवांचा उद्योगही असाच जुन्या मुळावर फुटला. कार्नेगीने १९०० मध्ये कामगारांच्या मुलांसाठी काढलेली तंत्रशाळा पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठ झाली. थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत १९७९ मध्ये अपघात झाला. पुढे काही वर्षांनी, माणूस जाऊ शकत नव्हता अशा तिथल्या तळघरात या विद्यापीठाच्या अभियंत्यांनी यंत्र पाठवलं. आज पिट्सबर्गच्या हेझलवूड भागातल्या जुन्या कारखान्याच्या सांगाड्यावर सौर पट्ट्या बसवल्या आहेत आणि आत यंत्रमानवांवर संशोधन चालतं.

ब्रॅडकचा १८७५ चा कारखाना अजून पोलाद काढतो. गावात कार्नेगीने १८८९ मध्ये बांधलेलं ग्रंथालय आहे. त्याच्या तळघरात कामगारांना कामाची पाळी संपल्यावर अंघोळीची सोय होती. १९२० मध्ये इथे वीस हजारांवर माणसं राहत, आता दोन हजारही नाहीत. गावातलं रुग्णालय यूपीएमसीने २०१० मध्ये बंद केलं. रुग्णालयात दाखल व्हायचं तर आता गावाबाहेर जावं लागतं.