घरी परतण्याची वाट

मुंबईत कुणी जरा विचित्र वागलं की ‘याला ठाण्याला पाठवा’ असं सहज म्हणून जातात. पुण्यात त्याच अर्थानं येरवड्याचं नाव घेतात. ज्यांच्या घरातलं माणूस खरोखर तिथल्या मनोरुग्णालयात राहून आलंय, त्यांच्या काळजात मात्र चर्र होतं. मनाच्या आजारातून माणसं सावरतात, कामाला लागतात, हे आपल्या बोलण्यात अजून उतरलेलं नाही. त्याची मुळं फार मागं जातात.

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. १९१२ च्या कायद्यानं आजारी माणसाला ‘ल्युनॅटिक’, म्हणजे वेडा, ठरवलं. मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं त्याला आत ठेवता येई. सगळा भर कोंडण्यावर होता. स्वातंत्र्यानंतरही हाच कायदा चालू राहिला, आणि १९८७ साली नवा कायदा झाला तरी तो लागू व्हायला १९९३ उजाडलं.

औषधं त्याच्या कितीतरी आधी आली होती. १९५२ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन वापरलं आणि वर्षानुवर्षं भ्रमात हरवलेल्या माणसांशी पुन्हा संवाद होऊ लागला. पण गोळीनं कानातले भासाचे आवाज थांबले, तरी पुढं जायचं कुठं?

याचं उत्तर अमृतसरमध्ये सापडलं, आणि तेही अडचणीतून. १९५० च्या दशकात तिथल्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांच्याकडं रुग्ण भरपूर आणि माणूसबळ अगदी तुटपुंजं. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला बोलावलं. आईनं मुलाला भरवायचं, भावानं औषधाकडं लक्ष द्यायचं, डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून आजार समजावून सांगायचा. आपलं माणूस दिवसेंदिवस सुधारताना घरच्यांनी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून त्याला घरी नेताना भीती उरली नाही. पुढं वेल्लोरलाही घरच्यांसह उपचाराची सोय झाली. मला तर आपल्याकडच्या मानसोपचाराच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं पाऊल वाटतं.

महाराष्ट्रात हा धागा पुढं स्वमदत गटांनी उचलला. कॅनडात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी पत्नीच्या आजारपणातून बरंच काही शिकले होते. त्यांच्या पुढाकारानं पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली; स्किझोफ्रेनिया म्हणजे भास-भ्रमांचा मानसिक आजार. अशा गटांमधून दोन सुंदर शब्द रुळले: आजाराशी झुंजणारा तो ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणारा तो ‘शुभंकर’. ‘वेडा’ म्हणून हिणवलेल्या माणसाला कुणीतरी शुभार्थी म्हणतं, तेव्हा त्याची मान किती वर येत असेल!

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं समाजात राहण्याचा हक्क लिहून दिला. तरीही बरी झालेली माणसं, न्यायला कुणी येत नाही म्हणून, वॉर्डातच राहतात. महाराष्ट्रात अशांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवलं जात होतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते थांबवायला सांगितलं.

आणि ज्यांना वॉर्डही मिळाला नाही, ते रस्त्यावर. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांना मुंबईत एक तरुण दिसला होता. तो करवंटीनं गटाराचं पाणी उचलून पीत होता. त्यांनी त्याला दवाखान्यात आणून उपचार केले. तो सावरला तेव्हा कळलं, की हा पदवीधर आहे, लॅबोरेटरीचा कोर्स केलेला आहे आणि घर आंध्रात आहे. त्याच्या घरच्यांचा शोध लागला आणि तो परत गेला. त्यातूनच १९८८ साली ‘श्रद्धा’ संस्था सुरू झाली. पुढं कर्जतला तिचं केंद्र झालं आणि २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रुग्ण सुधारला की त्याला गावाचं नाव, शाळा, नदी, काहीही आठवतं का ते विचारत राहायचं. धागा लागला की संस्थेचा कार्यकर्ता त्याला घेऊन रेल्वेत बसतो, थेट त्याच्या दारापर्यंत.