जत्रेतील बासरी (खानदेश)

खानदेशातील यात्रांमध्ये खेळण्याच्या भावात विकली जाणारी, टोकाकडून फुंकायची सहा भोकांची बासरी. सारंगखेड्याची एकमुखी दत्ताची यात्रा, धुळ्याची एकवीरा देवीची चैत्रातील यात्रा, अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात भरणारी सखाराम महाराजांची वैशाखातील यात्रा अशा ठिकाणी फुगे आणि पिपाण्यांच्या शेजारी ती मिळते. बहुतेक बासऱ्या बांबूच्या असतात, काही प्लास्टिकच्या, क्वचित पत्र्याच्या. धुळे-नंदुरबारकडील कोकणा आदिवासींची पावरी हे वेगळे वाद्य. तिला भोपळा असतो आणि तिचा आवाज पत्तीच्या कंपनाने निघतो.

मैफलीतल्या आडव्या बासरीत हवेचा झोत भोकाच्या काठावर नेमका सोडणे हे वादकाच्या ओठांचे काम असते. जत्रेतील बासरीत ते काम तोंडाशी ठोकलेला लाकडी गट्टू करतो. गट्टूच्या वर एक चपटी फट ठेवलेली असते. तिच्यातून आलेली हवा पुढच्या खाचेच्या धारेवर आपटते आणि नळीतील हवा घुमू लागते. त्यामुळे कधी वाद्य हातात न धरलेले मूलही पहिल्या फुंकरीला स्वर काढते. पण स्वर सावरण्याची ओठांची ताकदही या गट्टूपायी जाते. हळू फुंकले की स्वर उतरतो, जोर लावला की चढतो, आणखी जोर लावला की वरच्या सप्तकात उडी मारतो. आवाज लहानमोठा करून भाव दाखवायला जागा फार थोडी. वाजवणाऱ्याला जे करायचे ते बोटांनी आणि जिभेच्या ठोक्याने करावे लागते.

इंग्लंडमधील टिन व्हिसलची रचना हीच. सफोक परगण्यातील रॉबर्ट क्लार्क याने १८४३ मध्ये कथील चढवलेल्या पत्र्याची, टोकाकडे निमुळती होत जाणारी, लाकडी गट्टूची व्हिसल बनवायला सुरुवात केली. तिच्या स्वरात फुंकरीची सळसळ मिसळलेली असते. पुढे पितळेच्या सरळ नळीवर प्लास्टिकचे तोंड बसवलेल्या व्हिसल आल्या. त्यांचा आवाज अधिक स्वच्छ, पण वरच्या सप्तकात कर्कश होण्याकडे झुकणारा. सुमारे ३० सेंमी. लांबीची व्हिसल सगळी भोके बंद केल्यावर पेटीवरील पांढरी दोनचा (पाश्चात्त्य डी) स्वर देते. आयर्लंडच्या लोकसंगीतात हे स्वस्त वाद्य मानाने वाजते, आणि १९५०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील क्वेला संगीत त्याच्याच जोरावर उभे राहिले. तेव्हा स्वस्त म्हणजे खेळणे, हा हिशेब बरोबर नाही.

बांबूची गोड, पत्र्याची किनरी असे सर्रास म्हटले जाते. त्यात तथ्य थोडे. नळी कशाची आहे यापेक्षा फट किती उंच आहे, धार किती साफ कापली आहे आणि गट्टू किती घट्ट बसला आहे यावर आवाज ठरतो. फट फार मोकळी असली की हवा वाया जाते आणि आवाज घोगरा येतो. ती फार अरुंद असली की आवाज पातळ होतो आणि थुंकीच्या थेंबानेही घुसमटतो. हाताने झरझर कापलेल्या मालात हे माप दर नगाला बदलते, म्हणून एकाच गठ्ठ्यात एक बासरी सुरेख आणि शेजारची नुसती फुसफुसणारी निघते. कारखान्यातील स्वस्त व्हिसलही यातून सुटलेल्या नाहीत. प्लास्टिकच्या तोंडातील कुसे पात्याने काढणे, फटीखालची पोकळी मेणाने किंवा चिकट मातीने भरणे, असे उपाय वादक करतात आणि त्यांनी फरकही पडतो.

सुरेलपणाची अडचण वेगळी. भोके ठरावीक अंतरावर खुणा करून तापलेल्या सळईने पाडली जातात, पण बांबूची आतली पोकळी प्रत्येक नळीत निराळी असते. त्यामुळे खुणा बरोबर असूनही एखादा स्वर हटकून खटकतो. सातपुड्यात बांबू भरपूर असला तरी तिथला मानवेल जाड सालीचा, कोरड्या उतारांवर तर जवळजवळ भरीव असतो. टोपल्यांना आणि काठ्यांना तो उत्तम, बासरीला निरुपयोगी. लांब पेरांचा, पातळ सालीचा बासरीचा बांबू मुख्यतः आसामकडून येतो.

खानदेशच्या हवेचा परिणामही कमी नाही. सारंगखेड्याची यात्रा मार्गशीर्षातील थंडीत भरते, अमळनेरची ऐन वैशाखात. १२ अंश सेल्सिअसला हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३८ मीटर असतो, ४२ अंशांना सुमारे ३५६ मीटर. हा फरक पाच टक्क्यांचा, म्हणजे जवळपास अर्ध्या स्वराचा. फुंकरीच्या उबेमुळे थंडीत प्रत्यक्ष फरक कमी पडतो, तरी हिवाळ्यात पेटीशी जुळणारी बासरी उन्हाळ्यात चढी लागते. थंडीत फटीत दव साचून आवाज बसतो तो त्रास निराळाच.

सगळी भोके बंद ठेवून येणारा स्वर सा धरला आणि खालून एकेक बोट उचलत गेले, तर शुद्ध स्वरांचे बिलावलाचे सप्तक मिळते. हिंदुस्थानी पद्धतीत मात्र वरची तीन भोके बंद ठेवून सा धरतात. मग सहाही बंद केल्यावर मंद्र पंचम (खालच्या सप्तकातील प) येतो, सगळी उघडल्यावर तीव्र मध्यम (चढा म). शुद्ध मध्यमासाठी भोक अर्धे दाबावे लागते आणि स्वस्त बासरीच्या बारीक भोकांवर ते जमवणे कठीण. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, तीही तुटक येते.

विक्रेता गाण्यांच्या चाली वाजवून गिऱ्हाईक जमवतो ती बासरी बहुधा त्याची स्वतःची, आडवी आणि निवडलेली असते. काठीला खोचलेल्या विक्रीच्या बासरीकडून तीच अपेक्षा धरू नये. घेताना सर्वांत खालचा स्वर हळू फुंकून तो स्थिर राहतो का पाहावे, मग बोटे न हलवता जोर वाढवून वरच्या सप्तकातील तोच स्वर जुळतो का ऐकावे. या दोन कसोट्यांना उतरलेली बासरी कच्च्या रंगाची असली तरी घ्यावी. तो रंग ओठाला लागतो, म्हणून तोंडाकडचा भाग आधी खरवडून काढावा. जळगाव-भुसावळच्या कोरड्या उन्हाळ्यात बांबू उभा तडकतो. आतून तेलाचा हात आणि बाहेरून दोऱ्याचे वेढे दिले की तो जास्त टिकतो, पण तेल गट्टूच्या फटीत जाऊ देऊ नये. प्लास्टिकच्या बासरीला हा सोपस्कार लागत नाही. ती फक्त उन्हात ठेवू नये.