विद्यापीठांचे पुनर्मूल्यांकन आणि स्वयं-अध्ययन अहवाल : पार्श्वभूमी

अधिस्वीकृतीची, म्हणजे मूल्यांकनानंतर मिळालेल्या दर्जा-मान्यतेची, मुदत संपत आलेले विद्यापीठ आज जो स्वयं-अध्ययन अहवाल सादर करते, त्याचे रूप मुख्यतः गेल्या दशकात घडले आहे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर चर्चा झाली, १९९४मध्ये हे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद (नॅक) स्थापन झाली आणि पुढे तारांकित श्रेणी, नऊ श्रेणी, २००७पासून चारपैकी सरासरी गुण, अशा पद्धती बदलत गेल्या. ऐच्छिक असलेले मूल्यांकन विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१३मध्ये अधिसूचित केलेल्या विनियमांनी बंधनकारक केले.

‘पुनर्मूल्यांकन’ या शब्दाने मात्र घोळ घातला आहे. उत्तरपत्रिकेच्या पुनर्मूल्यांकनाची सवय असलेल्या आपल्या मनात तोच पेपर पुन्हा तपासण्याचा अर्थ येतो. श्रेणी असमाधानकारक वाटल्यास मुदतीच्या आत मागितलेल्या फेरतपासणीला तो काही अंशी लागूही पडतो. परंतु मुदत संपल्यानंतरचे दुसरे किंवा तिसरे चक्र हा सर्वस्वी नवा पेपर असतो. सुरुवातीच्या काळात हा फरक कागदावरही दिसत असे. पुनर्मूल्यांकनाच्या अहवालात आधीच्या भेटपथकाने (प्रत्यक्ष पाहणीसाठी आलेल्या तज्ज्ञांच्या पथकाने) केलेल्या शिफारशींचे काय झाले आणि मधल्या वर्षांत कोणते प्रयत्न झाले, याचा वेगळा हिशेब द्यावा लागे, आणि तोच या अहवालाचा खरा गाभा होता.

जुलै २०१७मधील मूल्यांकनाच्या सुधारित आराखड्याने तो गाभा मागे सारला. मूल्यांकनाचा सुमारे ७० टक्के भाग आकडेवारीवर आणि उरलेला भेटपथकाच्या निरीक्षणावर सोपवण्यात आला. पथकापथकांच्या निकषांतील तफावत आणि पाहुणचाराबद्दलच्या तक्रारी पाहता या निर्णयामागील हेतू समजण्याजोगा होता. परंतु मागील पाच वर्षांची माहिती ठरावीक तक्त्यांत भरायची, प्रत्येक आकड्यामागे पुरावा जोडायचा आणि विद्यापीठाला अपरिचित असलेल्या बाहेरच्या पडताळणीकारांच्या शंकांना मुदतीत उत्तरे द्यायची, या व्यवस्थेत प्राध्यापकांनी एकत्र बसून आपल्या उणिवांचे प्रामाणिक कथन करण्यास फारशी जागा उरली नाही. प्राथमिक अर्ज स्वीकारला गेल्यावर अहवालासाठी मिळणाऱ्या ४५ दिवसांत पुरावे शोधण्याचेच काम वरचढ ठरते.

आकड्यांचा भार कोणावर पडतो, हेही पाहणे आवश्यक आहे. २०१७च्या या आराखड्यात विद्यापीठांच्या १००० गुणांपैकी २५० संशोधनाला आणि २०० अध्यापन-अध्ययनाला आहेत. मंजूर पदांच्या तुलनेत किती पूर्णवेळ शिक्षक आहेत, हा त्यातील एक निकष. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांत पदभरतीला शासनाची मंजुरी लागते आणि अनेक विभागांतील जागा वर्षानुवर्षे रिक्त राहिल्या आहेत. त्या रिक्ततेची नोंद ‘स्वयं’-अध्ययनात विद्यापीठाच्या नावावर होते, हे न्याय्य म्हणता येणार नाही.

जानेवारी २०२४मध्ये श्रेणी रद्द करून ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अनधिस्वीकृत’ असा द्विपर्यायी निर्णय आणि त्यापुढे पाच परिपक्वता-स्तर (गुणवत्तेच्या चढत्या पायऱ्या), अशा बदलाची घोषणा झाली. फेब्रुवारी २०२५मध्ये एका भेटपथकातील सदस्यांना लाचखोरीच्या आरोपावरून अटक झाल्याने प्रत्यक्ष भेटींवरील विश्वास आणखी ढळला. नियोजित व्यवस्थेत माहिती एकाच ठिकाणी एकदाच भरून तीच सर्वत्र वापरण्याचा विचार आहे. त्यात मागील चक्रातील शिफारशींना विद्यापीठाने काय उत्तर दिले, हा रकाना पुन्हा हवा.