ऑक्सिजन मोजणारी फिल्म आणि इंधन घट: पदवीच्या प्रकल्पांमागचा इतिहास

नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीत, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प घेता येतो. विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात त्यासाठी दोन विषय फार चांगले आहेत: उजेड पडल्यावर चमकणारे संवेदक आणि हायड्रोजनवर चालणारा इंधन घट, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या संयोगातून वीज देणारा फ्युएल सेल. दोन्हींचा इतिहास आधी वाचावा, असा आमचा आग्रह आहे. प्रयोगशाळेत जे बिघडतं, त्यातलं बरंचसं पूर्वी कुणाच्या तरी हातून बिघडलेलं असतं.

सुरुवात क्विनीन या हिवतापावरच्या औषधापासून. १८४५ साली जॉन हर्शेल यांना दिसलं की क्विनीन सल्फेटच्या पाण्यासारख्या स्वच्छ द्रावणावर ऊन पडलं की फक्त पुढचा पातळ थर निळा चमकतो आणि मागचं द्रावण तसंच राहतं. हा पृष्ठभागाचाच गुण असावा असं त्यांना वाटलं. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी उलगडा केला: अतिनील किरण त्या पहिल्या थरातच शोषले जातात आणि जास्त तरंगलांबीचा प्रकाश होऊन बाहेर पडतात. फ्लोरस्पार या खनिजावरून त्यांनी या घटनेला फ्लोरोसन्स हे नाव दिलं. आज क्विनीनचं द्रावण दाट केल्यावर फ्लोरोमीटरचं, म्हणजे चमक मोजणाऱ्या यंत्राचं, रीडिंग वाढायच्या ऐवजी उतरतं, ते याच कारणाने. यंत्र क्युव्हेटच्या, म्हणजे द्रावण भरायच्या पारदर्शक चौकोनी नळीच्या, मधोमध बघतं, आणि प्रकाश तिथवर पोचतच नाही. म्हणून ०.०५ मोलर सल्फ्युरिक आम्लात द्रावण इतकं विरळ करावं की ३५० नॅनोमीटरला शोषण ०.०५ च्या खाली येईल, आणि मग ४५० च्या आसपास रीडिंग घ्यावं. सल्फ्युरिकच्या जागी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नये. क्लोराइड क्विनीनची चमक विझवतं, हे १८६९ मध्ये स्टोक्स यांनीच नोंदवलं. काचसामान हायड्रोक्लोरिकने धुऊन नीट खंगाळलं नाही, तरी रीडिंगला फटका बसतो.

या विझण्याला, म्हणजे क्वेंचिंगला, सूत्र मिळालं १९१९ मध्ये. ऑटो स्टर्न आणि मॅक्स फोल्मर यांनी आयोडीनच्या वाफेवर काम करून ते मांडलं: विझवणारा पदार्थ नसतानाची चमक भागिले असतानाची चमक, बरोबर १ अधिक स्थिरांक गुणिले त्या पदार्थाची संहती. १९३०च्या दशकात हान्स काउत्स्की यांनी सिलिका जेलवर रंगद्रव्यं बसवली आणि ऑक्सिजनच्या अगदी लेशमात्र अंशानेही त्यांची दीप्ती मावळते, हे दाखवलं. इथे वेळेचं महत्त्व आहे. उत्तेजित क्विनीन साधारण १९ नॅनोसेकंद टिकतं, तेवढ्यात ऑक्सिजनची गाठ क्वचितच पडते. डायफिनाइल फिनॅन्थ्रोलिनचं रुथेनियम संयुग काही मायक्रोसेकंद टिकतं, म्हणजे शेकडोपट जास्त, आणि तेवढ्यात ऑक्सिजन त्याला गाठून विझवू शकतो. चमक किती उतरली त्यावरून ऑक्सिजन कळतो. बेकन आणि डेमस यांनी १९८७ मध्ये असंच संयुग सिलिकोन रबरात बसवून ऑक्सिजन मोजला. पदवीच्या प्रकल्पात होणारी फिल्म त्याच वंशातली.

संयुग सिलिकोनमध्ये नीट विरघळलं नसेल तर निळ्या एलईडीखाली फिल्मवर नारिंगी ठिपके दिसतात. ती फिल्म टाकून द्यावी. चांगल्या फिल्मचाही स्टर्न-फोल्मर सूत्राचा आलेख (चमकेचं गुणोत्तर विरुद्ध ऑक्सिजन) पुष्कळदा सरळ न येता खाली वाकतो. सगळे रेणू सारख्या जागी बसलेले नसतात, काहींपर्यंत ऑक्सिजन सहज पोचतो तर काहींपर्यंत अडखळत. शून्य ऑक्सिजनच्या रीडिंगसाठी, ऑक्सिजन खाऊन टाकणाऱ्या सोडियम सल्फाइटच्या द्रावणात क्रियेला वेग यावा म्हणून कोबाल्ट क्लोराइडचा कण टाकावा. नायट्रोजन वापरणार असाल तर सिलिकोनची नळी नको, तिच्या भिंतीतून हवेतला ऑक्सिजन आत शिरतो. वरच्या टोकाला हवेने संपृक्त पाणी. पुस्तकात २५ अंशांना लिटरमागे ८.२६ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं. पुणं सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे हाच आकडा ७.७ च्या आसपास येतो. ही दुरुस्ती राहिली की सगळं कॅलिब्रेशन सरकतं.

इंधन घटाचा धागा १८३९ ला सुरू होतो. विल्यम ग्रोव्ह यांनी प्लॅटिनमच्या पट्ट्या, सल्फ्युरिक आम्ल, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांतून वीज मिळवली. वायू, आम्ल आणि प्लॅटिनम जिथे एकत्र भेटतात तिथेच क्रिया होते, आणि ती जागा वाढवायला हवी, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पुढची सगळी धडपड त्याच जागेसाठी आहे. आम्लाच्या जागी पॉलिमरचा पडदा आला, १९६५ मध्ये असे घट अमेरिकेच्या जेमिनी यानातून अवकाशात गेले, नंतर पडद्यासाठी नॅफिऑन हा पॉलिमर रुळला. विद्यार्थ्यांच्या ५ चौरस सेंटीमीटरच्या घटात सैद्धांतिक १.२३ व्होल्ट कधीच दिसत नाहीत. भार न लावता ०.९५ च्या आसपास मिळाले तर घट ठीक आहे. ०.८ च्या खाली गेलं तर पडद्याला भोक पडलंय का, हे आधी तपासावं. जास्त प्रवाहाला व्होल्टेज धाडकन पडलं तर बहुधा कॅथोडवर (ऑक्सिजनच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर) पाणी साचून ऑक्सिजनची वाट अडलेली असते.

हे दोन्ही धागे २००८ मध्ये जपानमध्ये एकत्र आले. यामानाशी विद्यापीठातल्या संशोधकांनी चालू घटाच्या पारदर्शक खिडकीवर ऑक्सिजनला प्रतिसाद देणाऱ्या रंगाचा थर दिला आणि आतला ऑक्सिजन कुठे किती आहे, हे प्रत्यक्ष बघितलं. ॲक्रिलिकची कॅथोड प्लेट वापरून याची साधी आवृत्ती पदवीला करता येते. पण घट तापला की फिल्म उष्णतेनेही मंदावते आणि ऑक्सिजन वाढल्यासारखा भासतो. त्यामुळे त्याच तापमानाला कॅथोडमधून नायट्रोजन सोडून आणि मग हवा सोडून, दोन्हींची रीडिंगं भार लावण्याआधीच घेऊन ठेवावीत.