फळांच्या गराचं खाद्य वेष्टन: सुरुवात पडून राहिलेल्या मालापासून

फळं-भाज्यांपासून खाता येणारं वेष्टन बनवल्याची बातमी आली की ती लगेच प्लॅस्टिकबंदीच्या चर्चेला जोडली जाते. या संशोधनाचं मूळ मात्र शेतकऱ्याच्या पडून राहिलेल्या मालात आहे. ते लक्षात घेतलं नाही, तर या संशोधनाकडून भलत्याच अपेक्षा ठेवल्या जातात.

अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३८ च्या शेती कायद्यानुसार चार विभागीय प्रयोगशाळा उभारल्या. गरजेपेक्षा जास्त पिकलेल्या मालाला नवे उपयोग शोधणं हे त्यांचं काम. त्यातली एक कॅलिफोर्नियात, बर्कलीजवळच्या ऑल्बनी इथे आहे. तिथल्या तारा मॅकह्यू आणि सहकाऱ्यांनी पीच, जर्दाळू, सफरचंद, नासपती यांच्या गराचे पातळ पापुद्रे तयार केले. त्यातून ऑक्सिजन आणि वाफ किती आरपार जाते, याची मोजमापं १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली.

कृती ऐकली की कोकणातल्या माणसाला आंबापोळीच आठवेल: गर काढायचा, पसरायचा, वाळवायचा, अलगद सोडवून घ्यायचा. गरातल्या पेक्टिन या चिकट घटकामुळे पापुद्रा सलग धरतो, साखरेमुळे तो वाकतो, मोडत नाही. ऑक्सिजन तो छान अडवतो. पण पेक्टिन काय, साखर काय, दोन्ही पाणी ओढणारी. त्यामुळे वाफ अडत नाही आणि दमट हवेत पापुद्रा चिकट होतो.

यावर उपाय म्हणून गरात मेण मिसळून पाहिलं गेलं. २००० मध्ये मॅकह्यू यांच्या प्रयोगात चिरलेल्या सफरचंदाच्या फोडी सफरचंदाच्याच पापुद्र्यात गुंडाळल्या होत्या. त्या कमी सुकल्या, कमी काळ्या पडल्या. या साऱ्या वाटचालीत मला हाच प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो. पिशवीला पर्याय शोधण्याऐवजी इथे वेष्टन अन्नालाच बिलगलं आणि त्याचा टिकाऊपणा वाढवू लागलं. पुढे सफरचंदाच्या पापुद्र्यात ओरेगॅनो, गवती चहा आणि दालचिनीची तेलं घालून अन्नातून विषबाधा करणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंवर चाचण्या झाल्या. त्यात ओरेगॅनो सर्वांत प्रभावी ठरलं.

प्रयोगशाळेबाहेर ओरिगामी फूड्स या कंपनीने सुशी या जपानी भाताच्या पदार्थाभोवती समुद्री शेवाळाऐवजी गुंडाळायला भाज्यांचे पापुद्रे आणले. ब्राझीलमध्ये एम्ब्रापा या सरकारी संस्थेने २०१५ च्या सुमारास पपई, पेरू, पालक, टोमॅटो यांपासून असेच पापुद्रे बनवले. पण वाहतुकीत धूळ लागलेलं, हाताळलेलं वेष्टन कुणी खाणार नाही, आणि ओलाव्याचा प्रश्नही पुरता सुटलेला नाही. म्हणून या पापुद्र्यांवर अजून बाहेरून दुसरं आवरण घालावं लागतं.